विश्लेषण : कमरेच्या सांध्यातली प्लेट तुटली म्हणजे शस्त्रक्रिया फसली का?

वागळे इस्टेटचे रूप बदलले, येण्याजाण्याची वाट मात्र तीच राहिली. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. मोठ्या कारखान्यांच्या जागी आता आयटी पार्क, गोदामे, छोटी वर्कशॉप आणि सरकारी कार्यालये आहेत. कामावर येणारे अजूनही कल्याण-डोंबिवलीहून लोकलच्या दारात उभे राहून येतात, नाही तर शिळफाटा, मुंब्रा बायपासवरून ट्रक-कंटेनरच्या रांगेतून दुचाकी काढतात. या प्रवासात होणाऱ्या गंभीर दुखापतींपैकी एक फारशी चर्चेत येत नाही. ती म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याचा सांधा उघडणे. स्टीलची प्लेट बसवून तो बंद करता येतो. काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये तीच प्लेट तुटलेली दिसली की मात्र घरात रडारड सुरू होते. ती बहुतेक वेळा अनाठायी असते. ज्याची काळजी करायला हवी, त्या गोष्टी एक्स-रेमध्ये दिसत नाहीत.

हा सांधा कुठला?

‘कमरेचे हाड मोडले’ असे आपण सरसकट म्हणतो. त्यात निदान तीन वेगळ्या दुखापती येतात. म्हातारपणी घसरून मोडतो तो खुबा, म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा भाग. खुब्याची वाटी फुटणे ही दुसरी. इथे विषय तिसरीचा आहे.

दोन्ही बाजूंची कमरेची हाडे मागे पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाला, सेक्रमला जोडलेली असतात. पुढे, ओटीपोटाच्या अगदी खाली, ती एकमेकांना भेटतात. असे एक कडे तयार होते. पुढच्या जोडाला डॉक्टर प्युबिक सिम्फिसिस म्हणतात आणि मागच्या दोघांना सॅक्रोइलियाक सांधे. पुढच्या जोडात कूर्चेची गादी असते. निरोगी प्रौढ माणसात ही फट साधारण चार-पाच मिलिमीटरची असते, गरोदरपणात ती काहीशी रुंदावते. गुडघ्यासारखा हा सांधा वाकत नाही, पण तो पूर्ण स्थिरही नसतो. प्रत्येक पावलागणिक तो किंचित सरकतो. पुढे प्लेटचे जे होते, त्याचे कारण याच किंचित सरकण्यात आहे.

बांगडी सहसा एकाच ठिकाणी तुटत नाही. कमरेचे कडेही तसेच. पुढचा सांधा दोन बोटे उघडला असेल, तर मागे कुठे तरी काही फाटले आहे, असे गृहीत धरूनच डॉक्टर शोध घेतात.

दुचाकी आणि लोकलमध्ये काय घडते?

समोरून धडक बसली की दुचाकीस्वार पुढे फेकला जातो. पेट्रोलची टाकी पाचरीसारखी त्याच्या दोन मांड्यांमध्ये घुसते आणि पुढचा सांधा मिटलेले पुस्तक उघडावे तसा उघडतो. म्हणूनच या दुखापतीचे वैद्यकीय नाव ‘ओपन बुक’ असे पडले. बाजूने वाहन आदळले तर कडे आत दाबले जाते. त्यात सांधा उघडण्यापेक्षा हाड मोडण्याचे प्रमाण जास्त असते आणि प्लेटची गरज बऱ्याचदा पडत नाही.

उंचावरून किंवा चालत्या गाडीतून पडलेल्याचे गणित याहून वाईट असते. शरीराचा भार एका पायावर किंवा एका बाजूवर आला, तर कड्याचा अर्धा भाग मागच्या सांध्यापासून सुटून वर सरकतो. ९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या, तेव्हा दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या लोकलची घोषणा झाली. बातम्यांत मृतांचा आकडा राहतो. अशा घटनांतून वाचलेल्यांपुढे अनेक महिन्यांचे उपचार असतात, त्यांचा हिशेब कुठे छापून येत नाही.

पहिल्या तासात काय ठरते?

बरेच काही. सेक्रमच्या पुढे नीलांचे मोठे जाळे आहे. कडे फाटले की ते फाटते आणि पोटाच्या मागच्या पोकळीत दोन-तीन लिटर रक्त साचू शकते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्त साधारण पाच लिटर, म्हणजे धोका किती ते कळते.

त्यामुळे पहिला इलाज ऑपरेशनचा नाही, बांधण्याचा आहे. पेल्विक बायंडर नावाचा रुंद पट्टा त्यासाठी मिळतो, नसेल तर दुहेरी घडीची चादर चालते. चूक होते ती जागेत. पट्टा कमरेवर, बेल्ट बांधतो तिथे बांधला जातो. तो हवा मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडाच्या पातळीवर. गुडघे एकत्र बांधायचे, रुग्णाला कुशीवर लोळवायचे नाही आणि हाडे हलतात का ते दाबून पाहायचे नाही. रक्त गोठायला मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध स्वस्त आहे. भारतासह ४० देशांतल्या २० हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या ‘क्रॅश-२’ या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिले तर मृत्यू कमी होतात, हे त्यातून दिसले.

बायंडरचा एक उलटा परिणामही डॉक्टरांना ठाऊक असावा लागतो. पट्टा बांधलेला असताना सीटी स्कॅन काढला, तर उघडलेला सांधा जागेवर बसलेला दिसतो आणि ‘फार काही नाही’ असा अहवाल येऊ शकतो. एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवताना पट्टा कधी बांधला आणि स्कॅन कधी काढला, एवढी नोंद कागदावर असेल तर ही फसगत टळते.

प्लेट कुणाला लावतात?

पुढची फट अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा, असा ढोबळ नियम जगभर चालतो. त्यापेक्षा कमी असेल, तर मागचे बंध शाबूत असण्याची शक्यता अधिक आणि विश्रांती, पट्टा, कुबड्या यांवर भागते. बाळंतपणात सांधा उघडलेल्या बहुतेक बायकाही पट्ट्यावरच बऱ्या होतात. पण अडीच सेंटिमीटर ही काही लक्ष्मणरेषा नाही. धडकेच्या क्षणी सांधा सहा सेंटिमीटर उघडून पुन्हा मिटलेला असू शकतो. शंका असेल तेव्हा भूल देऊन, एक्स-रेखाली कडे दाबून पाहतात.

शस्त्रक्रियेत ओटीपोटावर आडवा छेद घेतात, सिझेरियनला घेतात तसाच. मूत्राशय बाजूला सारून सांधा पकडीने जुळवतात आणि वरच्या कडेला वाकवलेली प्लेट स्क्रूने बसवतात. मागचा सांधा सुटला असेल तर सेक्रममध्ये कातडीतूनच लांब स्क्रू घालतात, किंवा तिथेही पुढून प्लेट बसवतात. मागच्या स्क्रूच्या वाटेजवळून पायाकडे जाणाऱ्या नसा जातात, त्यामुळे ऑपरेशन टेबलावर सी-आर्म एक्स-रे आणि ते काम येणारा हात, दोन्ही लागतात. ठाणे परिसरात हाडांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण हे काम नियमित करणारे कोणत्याही शहरात कमीच असतात. कल्याणहून ठाणे, ठाण्याहून मुंबई अशी रुग्णाची फिरवाफिरव होते ती यामुळे. ऑपरेशन पहिल्या दोन आठवड्यांत व्हावे असा प्रयत्न असतो. तीन आठवड्यांनंतर सांध्यात व्रण तयार होऊ लागतो आणि हाडे मूळ जागी आणणे अवघड होत जाते.

प्लेट किती वेळा तुटते?

हा आकडा पहिल्यांदा ऐकला की धक्का बसतो. अमेरिकेतल्या एका पाहणीत १२७ रुग्णांचे एक्स-रे पुढे अनेक महिने तपासले, तेव्हा सुमारे ७५ टक्के जणांत प्लेट तुटलेली किंवा स्क्रू सैल झालेले आढळले. ब्रिटनमधल्या १४८ रुग्णांच्या पाहणीत हे प्रमाण ४३ टक्के होते. दोन्ही निबंध २०१२ चे.

धंद्यातला कोणताही माणूस म्हणेल, हे यंत्र निकामी आहे. पण त्याच पाहण्यांमधले दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. प्लेट तुटली म्हणून पुन्हा ऑपरेशन करावे लागलेले रुग्ण अगदी मोजके होते. बहुतेकांना आपली प्लेट तुटली आहे याची कल्पनाही नव्हती, ते नेमलेल्या तारखेला तपासणीला आले आणि एक्स-रेमध्ये ते दिसले.

कारण साधे आहे. हातापायाच्या मोडलेल्या हाडाला लावलेली प्लेट तुटली, तर बहुधा हाड जुळलेले नसते. तिथे प्लेट तुटणे हे खरेच अपयश. प्युबिक सिम्फिसिस मात्र सांधा आहे आणि सांध्याला हाडासारखे जुळून एक व्हायचे नसते. त्याला फक्त फाटलेले बंध व्रणाने भरून येईपर्यंत, म्हणजे काही आठवडे ते काही महिने, जागेवर धरून ठेवायचे असते. माणूस चालू लागला की सांधा पुन्हा किंचित सरकू लागतो. तार सारखी वाकवत राहिली की तुटते, तशी प्लेट थकते. तोवर तिचे काम बहुधा झालेले असते. स्लॅब पडल्यावर काही आठवड्यांनी सेंटरिंगच्या फळ्या काढतात, तेव्हा कुणी इमारत कोसळली म्हणत नाही.

तरीही सगळ्याच तुटण्यांना हा न्याय लागत नाही. पहिल्या दीड-दोन महिन्यांत प्लेट सुटली आणि फट पुन्हा रुंदावली, तर ते अपयशच. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत चालले, जखमेतून पाणी येऊ लागले, लघवीतून रक्त आले किंवा चालताना कडे ‘कट’ आवाज करत सरकल्यासारखे वाटले, तर तातडीने दाखवायला हवे. सुटलेला स्क्रू मूत्राशयाला टोचू शकतो. पण काहीच त्रास नसताना केवळ एक्स-रे पाहून प्लेट काढून टाकण्याची घाई करण्याचे कारण नसते. ते पुन्हा एक मोठे ऑपरेशन आहे, तेही व्रणाने चिकटलेल्या मूत्राशयाजवळून.

प्लेट कशी आहे यानेही फरक पडतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९२ रुग्णांच्या तुलनेत दोन छिद्रांची छोटी प्लेट लावलेल्यांपैकी ३३ टक्क्यांत बिघाड झाला, जास्त छिद्रांच्या प्लेटमध्ये १२ टक्क्यांत. त्यामुळे आज चार ते सहा छिद्रांची प्लेट सर्रास वापरतात. त्याहून मोठा प्रश्न मागच्या सांध्याचा आहे. पुढे कितीही दणकट प्लेट लावली आणि मागचा सुटलेला सांधा तसाच राहिला, तर सगळा भार पुढच्या प्लेटवर येतो. मागे स्क्रू घालायचा की नाही, यावर मधल्या प्रतीच्या दुखापतींत डॉक्टरांमध्ये अजून मतभेद आहेत, पण कल घालण्याकडे झुकतो आहे. ऑपरेशनपूर्वी नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारायचा असेल, तर प्लेट कोणत्या कंपनीची यापेक्षा ‘मागचा सांधा कसा आहे?’ हा विचारावा.

मग निकाल कशावरून ठरवायचा?

या दुखापतीचा निकाल मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक गुणपत्रिका आहे, १९८९ मध्ये मांडलेली ‘मजीद स्कोअर’. एकूण १०० गुण. वेदनेला ३०, कामावर परतण्याला २०, बसण्याला १०, उभे राहणे व चालण्याला ३६ आणि शरीरसंबंधाला ४. दुखापतीपूर्वी काम न करणाऱ्यांसाठी एकूण ८० धरतात.

तिची उपयुक्तता मान्य करूनही काही गोष्टी खटकतात. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय, लोकलची उंच पायरी, दुचाकीवर टांग टाकणे, यांपैकी एकाही गोष्टीला इथे स्वतंत्र गुण नाहीत. वागळे इस्टेटमधल्या लेथवर आठ तास उभ्या राहणाऱ्याला किंवा किसननगर-लोकमान्यनगरच्या चाळीत सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्याला निकाल याच गोष्टींवरून कळतो. उत्तम गुण मिळालेला रुग्णही ‘जमिनीवर बसता येत नाही’ अशी तक्रार घेऊन पुन्हा येऊ शकतो. फिजिओथेरपीत हे मुद्दाम मागून घ्यावे लागते.

सर्वसाधारण चित्र असे, की वेळेत आणि नीट शस्त्रक्रिया झालेले बहुतेक रुग्ण स्वतःच्या पायांवर चालू लागतात. पुढचा एकटा सांधा उघडलेल्यांचे बरे होणे चांगले असते. मागचा सांधा पूर्ण सुटलेल्यांत पाठीच्या तळाशी दुखणे अनेकांची पाठ सोडत नाही. नसेला इजा झालेली असेल तर पाऊल लोंबू शकते आणि ते प्लेटने सुधारत नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे हा पहिल्या काही आठवड्यांतला मोठा धोका. त्यासाठीची इंजेक्शने वा गोळ्या डिस्चार्जनंतरही चालू ठेवायला सांगितलेल्या असतात. खर्च वाचवायला नेमक्या त्याच बंद केल्या जातात.

ज्याबद्दल कुणी विचारत नाही

चार गुणांची ती शेवटची ओळ. पुढच्या सांध्याच्या लगेच मागे मूत्राशय आहे आणि पुरुषांत त्याच्या खालून मूत्रमार्ग जातो. सांधा फाटताना मूत्रमार्ग ताणला किंवा तुटला, तर लघवीच्या जागी रक्ताचा थेंब दिसतो. अशा वेळी जोर लावून नळी घालायची नसते, आधी रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. घाईत घातलेली नळी अर्धवट फाटलेला मार्ग पूर्ण फाडू शकते आणि पुढे वर्षानुवर्षे मार्ग आक्रसण्याचा त्रास मागे लागतो.

ताठरता न येणे ही या दुखापतीनंतरची पुरुषांमधली नेहमीची तक्रार आहे. बायकांमध्ये संबंधाच्या वेळी दुखणे हे तसेच. कारण बहुतेकदा प्लेट नसते, धडकेच्या क्षणी इजा झालेल्या नसा आणि रक्तवाहिन्या असतात. काहींना औषधांनी सुधारणा होते, काहींत वर्ष-दीड वर्षात आपोआप फरक पडतो. ओपीडीच्या गर्दीत तिशीतला माणूस हे बोलत नाही आणि हाडांचा डॉक्टर विचारत नाही. मग बोगस ‘गुप्तरोग’ दवाखान्यांच्या भिंतीवरच्या जाहिराती कामी येतात. मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवणीची चिठ्ठी हाडांच्या डॉक्टरकडूनच मिळू शकते, मागितली तर.

तरुण बाईचा प्रश्न आणखी वेगळा. प्लेट आत असली तरी मूल होऊ शकते आणि केवळ प्लेट आहे म्हणून सिझेरियन केलेच पाहिजे असे नाही. प्रत्यक्षात अशा बाळंतिणींत सिझेरियनचे प्रमाण जास्त आढळते. त्यात खबरदारीइतकाच डॉक्टरांच्या भीतीचाही वाटा आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच जुना एक्स-रे स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवलेला बरा.

कामावर कधी? ९१ दिवसांचे गणित

शस्त्रक्रियेनंतर दुखऱ्या बाजूवर पूर्ण भार टाकायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. बसून करायचे काम तीन महिन्यांच्या आसपास जमू शकते. ओझी उचलणे, शिडीवर चढणे, दिवसभर उभे राहणे यांना पाच-सहा महिने लागतात, कधी अधिक.

इथे वैद्यकीय निकालाची गाठ पगाराशी पडते. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराला राज्य कामगार विमा योजनेत दोन वेगवेगळे लाभ आहेत. साधे आजारपण धरले तर वेतनाच्या ७० टक्के, तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. ‘कामाच्या ओघातली दुखापत’ म्हणून नोंद झाली तर ९० टक्के, तात्पुरती असमर्थता टिकेल तोवर. कायमची असमर्थता राहिली तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानुसार पुढे दरमहा रक्कम. सहा महिने घरी बसणाऱ्या कामगाराला पहिल्या नोंदीत निम्म्या वाटेवरच पैसे बंद होतात. दुखापत तीच, प्लेट तीच, फरक फक्त अपघाताच्या अहवालात काय लिहिले याचा.

अपघात कंपनीच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर झाला, म्हणून तो कामाचा नाही, असा समज कामगारांत आणि अनेक मालकांतही पक्का आहे. तो जुना झाला. २०१० च्या दुरुस्तीने कामगार विमा कायद्यात कलम ५१-ई आले. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, वेळ, ठिकाण आणि काम यांचा संबंध दिसत असेल, तर कामाच्या ओघातला मानला जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी पुढे नेले. प्रकरण महाराष्ट्रातलेच होते. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून काही किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. उच्च न्यायालयाने नाकारलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मंजूर केली. विमा योजनेत नसलेल्यांना लागू होणाऱ्या १९२३ च्या भरपाई कायद्यालाही हाच अर्थ लागू होतो, असे सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही प्रवासातल्या अपघाताची तरतूद आहे.

वागळे इस्टेटमधल्या कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की अपघात पाळीच्या वेळेला आणि नेहमीच्या वाटेवर झाला, हे मालकाच्या अहवालात आणि पोलिसांच्या कागदात पहिल्याच आठवड्यात यायला हवे. कंत्राटी कामगारही विमाधारक असेल तर त्याला हे लागू आहे. ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्यांचा मोठा वर्ग मात्र अजून या छत्राबाहेरच आहे.

सात दिवसांची योजना आणि दुसऱ्या आठवड्यातले ऑपरेशन

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार आहेत. मुदत अपघातापासून सात दिवस. जीव वाचवण्यासाठी ही योजना मोलाची आहे. पण या दुखापतीत पहिला आठवडा बऱ्याचदा रक्तस्राव, पोट, मूत्राशय, छाती सांभाळण्यात जातो आणि प्लेटचे ऑपरेशन रुग्ण स्थिरावल्यावर, आठव्या-दहाव्या दिवशी होते. म्हणजे सर्वांत खर्चिक टप्पा योजनेबाहेर पडू शकतो. तिथून पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचा आधार घ्यावा लागतो. रुग्णालय संलग्न आहे का आणि ही शस्त्रक्रिया तिथे योजनेत होते का, हे सातवा दिवस उजाडण्याआधी आरोग्यमित्राकडे विचारून ठेवणे शहाणपणाचे. लोकलमधून पडलेल्याला रस्त्यांची योजना लागू नाही.

दावा करताना टक्का कुणाचा?

मोटार अपघात न्यायाधिकरणात डॉक्टर अपंगत्वाचा टक्का लिहून देतात, तेव्हा वाद सुरू होतो. तो टक्का एका पायाचा की सगळ्या शरीराचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की शरीराच्या अपंगत्वाचा टक्का आणि कमाई घटल्याचा टक्का या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा टक्का माणसाच्या कामावरून ठरतो. कमरेचे कडे २० टक्के बाधित झालेला कारकून खुर्चीवर परतू शकतो, तेवढाच बाधित झालेला माथाडी परतू शकत नाही. म्हणून दाव्यात एक्स-रेपेक्षा जास्त उपयोगी पडते ते रुग्ण नेमके कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय जमत नाही याचे तपशीलवार वर्णन. ते डॉक्टरांकडूनच केसपेपरवर लिहून घ्यावे लागते. मूत्रमार्गाचा आणि शरीरसंबंधाचा त्रास केसपेपरवर कधी आलाच नसेल, तर न्यायाधिकरणापुढे तो पहिल्यांदा सांगणे अवघड जाते.

मुदतीही वेगळ्या आहेत. मोटार अपघाताचा दावा कायद्यातल्या सुधारणेनुसार सहा महिन्यांत दाखल करायचा असतो, रेल्वे दावा न्यायाधिकरणात एक वर्षात. गर्दीने दारातून फेकला गेलेला, वैध तिकीट किंवा पास असलेला प्रवासी रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली भरपाई मागू शकतो. त्यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. पासाची झेरॉक्स किंवा मोबाइलमधल्या तिकिटाची नोंद मात्र हाताशी हवी. या दुखापतीचा अखेरचा निकाल कळायला वर्ष ते दीड वर्ष लागते. त्यामुळे दावा आधी दाखल करून अपंगत्वाचे प्रमाणपत्र नंतर जोडण्याचा मार्ग वकील सुचवतात. प्लेट तुटल्याचा एक्स-रेही त्या फाइलमध्ये ठेवावा, पण ‘ऑपरेशन फसले’ अशा मथळ्याखाली नाही.